घाम कशाचा, ते विचार

सिन्नर

चि. सोनू हिस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, अकादमीतून बाहेर पडायच्या आधी मला एवढं एक शिकायचंय. समोरचा खोटं बोलतोय हे चेहऱ्यावरून कसं ओळखायचं?" तुझ्या बॅचमधल्या कुणीतरी मोबाइलवर एक शिकवणी लावली आहे, ती तूही लावणार आहेस. नाकाला हात गेला की खोटं, डोळे वर उजवीकडे गेले की बनाव, हाताची घडी घातली की काहीतरी लपवतोय, असं त्यात शिकवतात म्हणे. मी तेव्हा "लिहून कळवते" एवढंच म्हटलं, कारण हा विषय फोनवर उरकण्याचा नाही. थोड्या महिन्यांनी तू उपनिरीक्षक म्हणून एखाद्या ठाण्यात बसशील आणि तुझ्यासमोर आपल्या तालुक्यातल्यासारखीच माणसं येतील. त्यांच्यातल्या कुणाचं पुढचं आयुष्य तुझ्या त्या पहिल्या अर्ध्या तासातल्या मतावर ठरेल. म्हणून आधीच सांगते, ती शिकवणी लावू नकोस.

डोळ्यांच्या दिशेचं जे सांगतात ते तपासून झालेलं आहे. रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ते प्रयोग करून पाहिलं. खरं बोलणारे आणि खोटं बोलणारे यांच्या डोळ्यांच्या दिशेत काहीच फरक निघाला नाही. बाकीच्या खुणांची कथाही फारशी वेगळी नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 2006 मध्ये तोवरच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचे निकाल एकत्र केले. चोवीस हजारांहून जास्त लोकांनी अनोळखी माणसांचं बोलणं पाहून-ऐकून खरं की खोटं ते सांगितलं होतं. त्यांचा अंदाज बरोबर निघाला तो 54 टक्के वेळा. नाणं उडवलं असतं तरी पन्नास टक्के आलेच असते. त्यातही खऱ्याला खरं 61 टक्के वेळा म्हटलं गेलं आणि खोटं पकडलं गेलं अवघं 47 टक्के वेळा. पोलीस, तपास अधिकारी यांचे आकडेही सामान्य माणसांच्या आसपासच आहेत. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. आपण बरोबर ओळखलं अशी ज्याला पक्की खात्री असते, त्याचा अंदाज खात्री नसलेल्याहून बरा निघत नाही. अनुभवाने ही खात्री वाढत जाते, डोळा मात्र तेवढाच राहतो.

तू पॉल एकमन यांचं नाव घेतलंस. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी आणि वॉलेस फ्रीसन यांनी चेहऱ्याच्या एकेका स्नायूच्या हालचालीला क्रमांक देऊन 1978 मध्ये एक पद्धत तयार केली, आणि ते काम आजही वापरात आहे. दाबलेली भावना चेहऱ्यावर सेकंदाच्या लहानशा अंशापुरती उमटून जाते हेही त्यांनी मांडलं. शिकवणीवाले हेच विकतात. पण 2008 मध्ये कॅनडात स्टीव्हन पोर्टर आणि लीन टेन ब्रिंकी यांनी सुमारे सातशे भावमुद्रा चित्रफितीवर अगदी बारकाईने तपासल्या, तेव्हा अशा क्षणिक मुद्रा 2 टक्क्यांच्या आसपास सापडल्या, आणि त्या खऱ्या भावना दाखवणाऱ्यांच्या चेहऱ्यावरही होत्या. अमेरिकेत विमानतळांवर प्रवाशांचे हावभाव वाचण्यासाठी खास माणसं नेमली होती. त्यावर नव्वद कोटी डॉलरच्या घरात खर्च झाल्यावर 2013 मध्ये तिथल्याच सरकारी लेखापरीक्षकांनी सांगितलं की ह्याला पुरेसा आधार नाही, पैसे आवरते घ्या. आणि खुद्द एकमन यांनीच बजावलं आहे की भीती दिसली म्हणून खोटेपणा धरू नका. या चुकीला त्यांनी 'ऑथेल्लो' नाटकाच्या नायकाचं नाव दिलं. गोविंद बल्लाळ देवलांनी तेच नाटक 1890 मध्ये 'झुंजारराव' म्हणून मराठीत आणलं. आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे कळल्यावर बायको हादरते, नवरा त्या हादरण्यालाच कबुली समजतो आणि तिचा जीव घेतो. बायकोच्या चेहऱ्यावरची भीती त्याला दिसली होती, त्यात त्याचं चुकलं नाही. ती भीती कशाची, हे त्याने विचारलं नाही.

आता आपल्याकडचं बघ. तू लहान असताना आजीने तुला काय शिकवलं? मोठ्यांशी मान वर करून बोलायचं नाही, कुणी रागावलं तर डोळे खाली. सिन्नरच्या घराघरांत हेच शिकवतात. बिड्या वळणारी बाई मुकादमासमोर अशीच उभी राहते, सून सासऱ्यासमोर, शेतमजूर सावकारासमोर. जगातल्या अठ्ठावन्न देशांत लोकांना विचारलं की खोटं बोलणारा कसा ओळखता, तर बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर आलं, "तो नजर चुकवतो." म्हणजे बघ, घरी जे सभ्यपण म्हणून अंगी बाणवलं, तेच ठाण्याच्या पायरीवर गुन्हा ठरतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, जमिनीकडे पाहत बोलणारी बाई मी न्यायालयात इतक्या वेळा पाहिली आहे, आणि तिची साक्ष चालू असताना मागच्या बाकावरून "खोटारडी दिसते" हा शेराही ऐकला आहे. उलट ज्यांचं आयुष्यच कचेऱ्यांमध्ये गेलं, ते कडक इस्त्रीत येतात, साहेबांच्या डोळ्यांत पाहून ठासून बोलतात, आणि सगळ्यांना ते खरे वाटतात.

आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून तांब्याची तार गेली, त्या प्रकरणात मी वकील होते. संशय उत्तर प्रदेशातून आलेल्या एका कोवळ्या पोरावर. ठाणं कुठलं ते सांगत नाही. तपास करणाऱ्याने मला अगदी मनापासून सांगितलं, "मॅडम, नुसतं नाव विचारलं तर घामाने शर्ट भिजला, आवंढा गिळत होता, बोलताना अडखळत होता. ह्याच्याशिवाय कोण असणार?" पोराला मराठी धड कळत नव्हतं. खोलीचं भाडं थकलेलं होतं. गावी पैसे गेले नाहीत तर बहिणीचं लग्न अडणार होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो खाकीसमोर उभा होता. त्या रात्री तो पाळीवर नव्हताच, हे फाटकावरच्या नोंदवहीत लिहिलेलं होतं. ती वही मागवायला कुणालाही सुचलं नव्हतं, कारण उत्तर चेहऱ्यावर आधीच सापडलं होतं. चेहरा वाचण्यातला सगळ्यात मोठा धोका मला हा वाटतो. चूक होणं हा त्याचा एक भाग झाला. त्याहून वाईट म्हणजे एकदा मत बनलं की शोध थांबतो.

तू म्हणशील, हे सगळं नव्या काळातलं शहाणपण. तसं नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दुष्ट पक्षकाराची आणि साक्षीदाराची लक्षणं दिली आहेत. तो एका जागी ठरत नाही, इकडून तिकडे फिरतो. ओठांचे कोपरे चाटतो. कपाळाला घाम येतो, चेहऱ्याचा रंग उतरतो. तोंडाला कोरड पडते, शब्द अडखळतात, पुष्कळ आणि परस्परविरुद्ध बोलतो. समोरच्याच्या बोलण्याला आणि नजरेला दाद देत नाही, ओठ मुडपतो. तुझ्या मोबाइलवरच्या शिकवणीतली यादी ह्याहून फार निराळी नसेल. कौटिल्यानेही विष घालणाऱ्याची अशीच लक्षणं सांगितली आहेत.

पण याज्ञवल्क्यावर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. तो कल्याणीच्या चालुक्यांचा, सहाव्या विक्रमादित्याचा काळ, म्हणजे अकराव्या शतकाची अखेर आणि बाराव्याचा आरंभ. आपल्या सिन्नरचे यादव ह्याच चालुक्यांचे मांडलिक होते. देवगिरीला जाण्याआधी त्यांची राजधानी इथेच होती. त्या यादवांच्या काळातल्या गोंदेश्वराच्या ओट्यावर तू अभ्यासाला बसायचीस. मिताक्षरा पुढे शतकानुशतकं महाराष्ट्रात प्रमाण मानली गेली, इंग्रजांच्या न्यायालयांतसुद्धा. ह्या लक्षणांपाशी येऊन विज्ञानेश्वर थांबतो आणि म्हणतो की ह्यांवरून दोषाची शक्यता तेवढी कळते, दोषाचा निश्चय होत नाही. कारण माणसाचा मूळचा स्वभाव कोणता आणि काही कारणाने झालेला बदल कोणता, हे वेगळं काढणं फार कठीण आहे. आणि एखाद्या चतुराला ते वेगळं काढता आलं, तरी तेवढ्यावर कुणाला हरवता येत नाही. ह्यापुढे तो जो दाखला देतो तो मी वकिली सुरू केल्यापासून विसरलेले नाही: मरणार अशी लक्षणं दिसली म्हणून कुणी माणसाचं क्रियाकर्म करत नाही.

सोनू, नऊशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य मला दर वेळी धीर देतं. आणि संतापही येतो, कारण इतकं स्पष्ट सांगून ठेवलेलं असताना आपण ते वापरत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव तू शाळेत नाटकात होतीस तेव्हा पाठ केले होतेस. स्वेद, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य हे त्यातले चार. याज्ञवल्क्याने दुष्टाची म्हणून सांगितलेली लक्षणं त्यांना किती जवळची आहेत बघ. पण भरत एकेका भावाला अनेक कारणं देतो. घाम क्रोधाने येतो, भयाने येतो, हर्षाने, लाजेने, दुःखाने, श्रमाने, रोगाने, उन्हाने येतो. शरीर एकच आणि त्याला बोलायला वाटा मोजक्या, त्यामुळे वेगवेगळी दुःखं एकाच वाटेने बाहेर पडतात. तू घाम जरूर बघ. डोळे मिटून बसायला मी सांगत नाही. फक्त तो कशाचा, हे विचारल्याशिवाय कागदावर काही लिहू नकोस.

आता ज्या प्रकरणांमुळे मी हे पत्र लिहायला बसले त्यांच्याकडे येते. 1972 च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा ते गाव चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना शिक्षा दिली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. कारणं काय, तर अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही. म्हणजे तिचं शरीर वाचलं गेलं. रात्री, ठाण्याच्या आत, खाकीतल्या माणसांपुढे एका मजूर मुलीचं शरीर थिजून जाणार नाही तर काय करणार, हे वाचणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. ते मी विद्यार्थिनी असताना वाचलं, आणि वकील व्हायचं मी तेव्हाच ठरवलं. देशभर आंदोलन झालं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं, असं कलम त्यात आलं.

तुला वाटेल, हे जुनं झालं. 2021 मध्ये गोव्यात म्हापशाच्या सत्र न्यायालयाने एका ख्यातनाम संपादकाला अत्याचाराच्या आरोपातून निर्दोष सोडलं. त्या निकालपत्रात तक्रारदार मुलगी घटनेनंतरच्या छायाचित्रांत हसरी, सहज दिसते, अत्याचार झालेली स्त्री जशी वागेल तशी ती वागलेली नाही, अशा अर्थाची चर्चा आहे. त्याविरुद्ध सरकार उच्च न्यायालयात गेलं. खटल्याच्या अंतिम निकालाबद्दल मी इथे काही म्हणत नाही. माझं म्हणणं त्या तर्कापुरतं आहे. एकीचा चेहरा पुरेसा रडवेला नाही म्हणून ती खोटी, आणि दुसरी रडते म्हणून नाटकी, हे तर मी आपल्याच न्यायालयाच्या व्हरांड्यात ऐकते. दुःखात माणूस कसा दिसतो ह्याचा कुठलाही नमुना नाही. तुझ्या आजोबांच्या तेराव्याला तुझे बाबा पाहुण्यांशी हसून बोलत होते आणि त्यानंतर कित्येक महिने त्यांना झोप लागत नव्हती, हे तुला ठाऊक आहे.

आणि तिसरं प्रकरण आपल्याच जिल्ह्यातलं. ते तुझ्या वर्गात शिकवलं गेलं नसेल तर शिकवा म्हणून सांग. 5 जून 2003 च्या रात्री नाशिक परिसरातल्या एका झोपडीवर दरोडा पडला. एका कुटुंबातल्या पाच जणांचे खून झाले, अत्याचार झाले. घरातली एक बाई जखमी होऊन वाचली. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निर्णय मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि तपास करणाऱ्यांची चौकशी करायला सांगितलं. सोळा वर्षं ती माणसं तुरुंगात होती. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

असं का झालं? वाचलेल्या बाईने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या अल्बममधले फोटो पाहून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांच्या मागे कुणी लागलंच नाही, आणि तो जबाब खटल्यात पुढेही आणला गेला नाही. पुढे ओळख परेडमध्ये, न्यायालयात ह्या सहा जणांकडे बोट दाखवलं गेलं. हे गरीब, भटके मजूर आहेत, त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायमूर्तींनी लिहिलं. ह्यात खोटं कोण बोललं ते मी ठरवत नाही. पण 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमाती जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदवल्या. 1952 मध्ये तो कायदा गेला, तरी पारध्याच्या, कैकाड्याच्या तोंडाकडे बघायची गावाची नजर गेलेली नाही. ज्या चेहऱ्यात गुन्हेगार आधीच दिसतो, त्या चेहऱ्यावर खोटं वाचायला मग कितीसा वेळ लागतो?

चेहऱ्यावर भरवसा नाही म्हणून यंत्राकडे वळावं, असंही तुला कुणी सांगेल. 2008 मध्ये पुण्यात निकाल लागलेल्या एका खटल्यात एका विद्यार्थिनीच्या डोक्याला तारा लावून तिला वाक्यं ऐकवली गेली. मेंदूतल्या लहरींवरून तिला घटनेचा 'अनुभव' असल्याचं सांगितलं गेलं, आणि सत्र न्यायालयाने इतर पुराव्यांबरोबर तेही मानलं. जन्मठेप झाली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर भुवया उंचावल्या, पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ही मेंदूची तपासणी, तिन्ही संमतीशिवाय करता येणार नाहीत. पॉलिग्राफ मोजतो ते श्वास, नाडी, रक्तदाब आणि कातडीवरचा घाम. पुन्हा घामच. अमेरिकेच्या गुप्तचर खात्यातला आल्ड्रिच एम्स सोव्हिएत संघाला माहिती विकत असताना दोनदा पॉलिग्राफ पार करून गेला, ह्याची आठवण ठेव.

दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर तुला वाटेल आत्या नेहमी आरोपीच्याच बाजूने बोलते. नाशिकमधून पसरलेला केबीसी नावाच्या कंपनीचा गुंतवणूक घोटाळा 2014 मध्ये बाहेर आला. थोड्या वर्षांत पैसे तिप्पट, अशी आश्वासनं होती. नाशिकपासून मराठवाड्यापर्यंत लोकांनी जमिनी आणि दागिने विकून पैसे भरले. ते भरले कुणाच्या तोंडाकडे बघून? मेहुण्याच्या, शेजारणीच्या, ओळखीच्या मास्तरांच्या. आणि ते एजंट म्हणून फिरणारे कितीतरी जण स्वतःच फसलेले होते, त्यांनी आपलेही पैसे घातले होते. जो स्वतःच खोट्यावर विश्वास ठेवून बोलतो त्याच्या चेहऱ्यावर काय दिसणार? प्रामाणिकपणाच दिसणार. तिथे नजर कितीही तीक्ष्ण असती तरी उपयोग नव्हता. 'हे पैसे नेमके कुठल्या धंद्यातून तिप्पट होतात, कागद दाखवा' एवढा एक प्रश्न उपयोगाचा होता.

तर मग करायचं काय, हा तुझा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर, खोटं बोलण्यात सापडतं, तोंडावर सापडत नाही. याज्ञवल्क्याच्या यादीत मला एकच गोष्ट खऱ्या कामाची वाटते, ती म्हणजे परस्परविरुद्ध बोलणं. आल्डर्ट व्हराय नावाच्या संशोधकाने आयुष्य ह्या विषयात घालवलं, त्याचाही रोख हाच आहे. समोरच्याला आधी सगळं बोलू दे. मध्ये तोडू नकोस, "हो की नाही" विचारू नकोस. "त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांग," एवढं म्हण आणि गप्प बस. गप्प बसणं अवघड जाईल, तरी बस. मग ज्याची तयारी करून कुणी येत नाही ते विचार: दार कुठल्या बाजूला उघडत होतं, चहा कुणी आणला, तू बसलास तिथून रस्ता दिसत होता का. कागद पुढे करून जागेचा नकाशा काढायला सांग. घटना शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लाव. जो तिथे होता तो चुकतमाकत सांगतो, दुरुस्त करतो, 'आठवत नाही' म्हणतो. बनवून आणलेली गोष्ट मात्र इथे अडते. अर्थात ह्यालाही तू शिक्का समजू नकोस, पुढे काय तपासायचं त्याची ही खूण समज.

आणि तुझ्या हातात पुरावा असेल तर तो लगेच टेबलावर आपटू नकोस. स्वीडनमध्ये मारिया हार्टविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलीस प्रशिक्षणार्थींवर, म्हणजे अगदी तुझ्यासारख्यांवर, प्रयोग केला. हातातला पुरावा राखून ठेवून, आधी समोरच्याला मोकळं बोलू देऊन मग त्याच्या बोलण्याशी पुरावा पडताळायचा, हे ज्यांना शिकवलं त्यांनी 85 टक्के वेळा खरं-खोटं बरोबर ओळखलं. न शिकवलेल्यांचं प्रमाण 56 होतं. ही 2006 मधली गोष्ट. 56 आणि 85 मधल्या ह्या अंतरात कितीतरी निरपराध माणसांची घरं वाचतात. इंग्लंडमध्ये निरपराध लोकांना कबुलीजबाबांवर वर्षानुवर्षं डांबल्याची प्रकरणं उघडी पडल्यावर तिथल्या पोलिसांनी 1990 च्या दशकात चौकशीची पद्धतच बदलली. कबुली काढायची नाही, हकिकत जमवायची. आपल्याकडे तर कायदा आधीपासूनच हे सांगतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. पूर्वी ते पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, आता साक्ष अधिनियमाचं 23 आहे. शंभर वर्षांहून जुनं हे कलम तपासाला अडचण म्हणून आलेलं नाही, हे मी तुला परीक्षेच्या वेळीही सांगितलं होतं.

बायकांचं विशेष सांगते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे बाईला, पंधराच्या आतल्या मुलाला, साठीपुढच्या पुरुषाला, अपंग किंवा तीव्र आजार असलेल्या माणसाला साक्षीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तूच त्यांच्या घरी जायचंस. हे कंटाळून टाळू नकोस. तिथे गेलीस की खुर्ची मागू नकोस, ती ओट्यावर बसली असेल तर तूही ओट्यावर बस. तिचं सूप, पानं, तंबाखू समोर असेल तर तिला काम करत बोलू दे, हात चालू असले की जीभ मोकळी होते. सासू किंवा नवरा शेजारी उभा असेल तर त्यांना दुसऱ्या कामाला पाठव. मग तिची नजर जमिनीकडे आहे की तुझ्याकडे, ह्याची तुला आठवणही राहणार नाही. तिने सांगितलेल्या एकेका गोष्टीची पडताळणी मात्र त्याच दिवशी कर: दुकानदाराची वही, एसटीचं तिकीट, मोबाइलची नोंद, फाटकावरची नोंदवही. आणि जबाबात तिचे शब्द तिच्याच बोलीत लिही. "सदर इसम घाबरलेल्या अवस्थेत व उडवाउडवीची उत्तरे देताना दिसून आला" हे वाक्य मी इतक्या कागदांवर वाचलं आहे की तो एकच इसम सगळ्या जिल्ह्यात फिरत असावा असं वाटतं. तुझ्या सहीच्या कागदावर ते मला दिसू नये. काय विचारलं आणि तो काय म्हणाला, एवढं लिहायचं.

एक मात्र तुझ्या मनात बसलेलं असेल ते काढून टाक. चेहरा वाचता येत नाही म्हणजे तू कमी पडलीस असं अजिबात नाही. तुझ्या वरिष्ठांपैकी कुणी म्हणेल, "मला बघताक्षणी कळतं." त्यांच्याशी वाद घालू नकोस, ते वयाने, अनुभवाने मोठे आहेत आणि पुष्कळ गोष्टी तुला त्यांच्याकडूनच शिकायच्या आहेत. फक्त नम्रपणे विचार, "साहेब, मग नोंदवही मागवून घेऊ ना?" बहुतेक जण हो म्हणतील. ज्या कामाला ते हो म्हणतील ते लगेच त्याच दुपारी करून टाक.

दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढून ये. 2019 च्या त्या निकालाची प्रत मी छापून ठेवली आहे. सगळी वाचू. अल्बममधल्या फोटोंचा भाग जिथे येतो तिथपासून सुरुवात करू, म्हणजे कुठल्या दिवशी कुठला कागद कुणाच्या हातात होता हे तुला तारखेनिशी लावता येईल. वहिनींना सांग, तुझ्यासाठी मेथीचे लाडू मीच करणार आहे. संचलनाच्या वेळी गुडघा दुखत होता तो दाखवून घे, अंगावर काढू नकोस.

तुझी,
आत्या